बशीवाले काका आणि जाहिरातींतले बिननावाचे नट

पर्वतीपायथा

गेले दोन महिने आमच्या घरात एका जाहिरातीची वाट पाहिली जाते. जाहिराती सुरू झाल्या की वाहिनी बदलायची, हा आमच्याकडचा जुना नियम; तो ज्या माणसामुळे मोडला त्याच्याविषयी हा धागा काढत आहे. त्यांचे नाव मला ठाऊक नाही. आमची मुलगी त्यांना ‘बशीवाले काका’ म्हणते आणि आता आम्ही सगळेच तसे म्हणतो.

जाहिरात गच्चीच्या गळतीवर लावायच्या एका लेपाची आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण लेपाशी मला काही कर्तव्य नाही. (आमची गच्ची तूर्त शाबूत आहे.) सोसायटीची वार्षिक सभा भरली आहे. अध्यक्ष उभे राहून सांगत आहेत की इमारतीत गळती म्हणून कोठे नाही आणि ज्या काही तक्रारी होत्या त्या मागच्या समितीच्या काळातल्या होत्या. शेवटच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले एक साठीतले गृहस्थ कपबशी घेऊन बसले आहेत. वरून एक थेंब त्यांच्या चहात पडतो.

आता पुढचे जरा सावकाश सांगतो. थेंब पडल्यावर ते कपाकडे पाहतात. नंतर ते वर छताकडे पाहणार अशी आपली खात्री असते, कारण शंभरातले नव्व्याण्णव नट तेच करतील. हे गृहस्थ वर पाहतच नाहीत. कप किंचित उचलतात, खालची बशी काढून घेतात, दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवावे तशी ती कपावर ठेवतात, आणि पुन्हा अध्यक्षांकडे पहिल्याइतक्याच आदराने पाहू लागतात. पुढचा थेंब बशीवर पडतो. त्याचा ‘टप्’ असा आवाज येतो आणि त्या आवाजालाही ते दाद देत नाहीत.

त्यांच्या वर न पाहण्यातच सगळी कथा आहे. हा थेंब आजचा नव्हे; अर्ज देऊन झाले, स्मरणपत्रे देऊन झाली, समिती बदलून झाली, आणि आता या माणसाने गळतीशी संसार थाटला आहे, हे सगळे एका शब्दावाचून कळते. अध्यक्ष विचारतात, “कोणाची काही तक्रार?” तेव्हा काकांचा हात वर जाऊ लागतो, कानापर्यंत पोहोचतो, चार माना त्यांच्याकडे वळतात, आणि त्याच हाताने ते चष्मा नीट करून हात खाली घेतात. मी तेवढा तुकडा मोबाइलवर चित्रित करून पाच-सहा वेळा पाहिला. हात वर जाताना तो खरोखरच तक्रारीसाठी निघालेला असतो. चष्म्याचा विचार त्यांना वाटेत सुचतो, आणि तो सुचताना आपल्याला दिसतो.

त्यानंतर मी त्यांना आणखी तीन ठिकाणी ओळखले. बँकेच्या एका जाहिरातीत ते रांगेत पाचवे आहेत, फरसाणाच्या एका जाहिरातीत नवरीचे काका आहेत, आणि पंख्याच्या जाहिरातीत झोपलेले आहेत. (झोपणेही पाहण्यासारखे आहे.) चारही ठिकाणी मिळून त्यांच्या वाट्याला एकच शब्द आला आहे, “हो”, आणि तोही पाठमोरा. आणखी कोणी त्यांना पाहिले असल्यास कृपया लिहावे. नाव कळलेच पाहिजे असा आग्रह नाही.

शनवारातली

फरसाणाच्या जाहिरातीत मीही त्यांना पाहिले आहे. सगळे वऱ्हाड अक्षता टाकत असताना या गृहस्थांच्या एका मुठीत अक्षता आणि दुसऱ्या मुठीत शेव आहे, आणि मंगलाष्टकाच्या शेवटी नेमकी कोणती मूठ उघडायची याचा त्यांना पडलेला पेच फार तर दीड सेकंद दिसतो. माझ्या आईला तो दिसलाच नव्हता. दाखवल्यावर ती दोन दिवस हसत होती.

नाटके पाहण्यात आयुष्य गेलेले असल्यामुळे मला एक फरक लिहावासा वाटतो. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका पाहताना विनोदी काम करणारी मुले पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षक कसा आहे याचा अंदाज घेतात. हशा आला की थांबतात, ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकतात, आणि हशा आला नाही तर वेग वाढवून प्रसंग निभावून नेतात. जाहिरातीतल्या नटासमोर प्रेक्षक नसतोच. समोर असतात प्रकाशयोजनेची माणसे, जेवणाच्या सुट्टीची वाट पाहणारी, आणि कंपनीची चार माणसे, ज्यांचे लक्ष डब्यावरचे नाव सरळ दिसते आहे का याकडे असते. अशा ठिकाणी थांबायचे किती, हे नटाला हशा न ऐकता ठरवावे लागते. दुसरे असे, की रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी अभिनय थोडा मोठा करावा लागतो. या काकांनी बशीचा तो प्रकार बालगंधर्वच्या रंगमंचावर केला असता तर चौथ्या रांगेपुढे कोणालाही कळला नसता.

एरंडवणेकर

थोडे अप्रिय लिहितो. आपण सर्वजण जे कौतुक करत आहात त्यातले किती त्या गृहस्थांच्या वाट्याचे आहे? बशी झाकण्याची कल्पना जाहिरात लिहिणाऱ्याची असेल, वर पाहू नका हे दिग्दर्शकाने सांगितले असेल, आणि वीस टेक घेऊन त्यातला बरा तेवढा ठेवला असेल. फेविकॉलची राजस्थानातली ती बस आठवून पाहा. टपावर, मागे, दोन्ही बाजूंना माणसे लगडलेली, खड्ड्यांतून बस हेलकावे खाते आणि एकही माणूस पडत नाही. तिच्यातला एकही चेहरा मला आठवत नाही आणि तरीही जाहिरात वीस-बावीस वर्षांनंतर आठवते, कारण तिथे कल्पनाच नट आहे. जाहिरातीत माणूस चेहऱ्यासाठी निवडतात, अभिनयासाठी नव्हे. ‘सोसायटीतला सोशिक सभासद’ असा चेहरा हवा होता, तो मिळाला, एवढेच.

संकलनवाला

एरंडवणेकर, आपला मुद्दा अर्धा मान्य. मी संकलनाचे काम करतो आणि पोटापाण्यासाठी जाहिरातीही कापल्या आहेत, म्हणून उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहितो.

कल्पना कागदावर असते हे खरे. पण कागदावर “काका बशीने कप झाकतात” एवढेच लिहिलेले असते. ते कसे, हे लिहिता येत नाही. टेबलावर आम्ही पुढचेमागचे कापू शकतो, दोन टेक जोडू शकतो, एखाद्या नजरेला दुसऱ्याच वाक्याची प्रतिक्रिया म्हणून चिकटवू शकतो. न घेतलेला विराम मात्र आम्हाला निर्माण करता येत नाही. दूरचित्रवाणीवर आपल्याकडे सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) असतात. धागा वाचून मीही ती जाहिरात चौकट-चौकट करून पाहिली. थेंब पडल्यापासून काकांच्या बोटांची पहिली हालचाल होईपर्यंत १९ चौकटी जातात, म्हणजे पाऊण सेकंद. आठ चौकटींत हालचाल झाली असती तर माणूस दचकला असे वाटले असते. चाळीस गेल्या असत्या तर तो मठ्ठ वाटला असता. एकोणीस चौकटींत तो सरावलेला वाटतो. या अवधीत कोठेही काप नाही, थेंबापासून बशीपर्यंत सलग एकच शॉट आहे, त्यामुळे त्या एकोणीस चौकटींचे श्रेय माझ्या व्यवसायबंधूला देता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसावी. आपण जी जाहिरात पाहता ती एक नसते. पहिल्या काही आठवड्यांत लांब आवृत्ती दाखवतात, ही ३५ सेकंदांची आहे. मग २० सेकंदांची येते आणि शेवटी १० सेकंदांची, आणि वर्षभर जास्तीत जास्त वेळा लागते ती हीच, कारण वाहिनीवरचा वेळ सेकंदावर विकला जातो आणि तासाला जाहिरातींना बारा मिनिटांची मर्यादा आहे. आता हिशेब करा. दहा सेकंदांच्या २५० चौकटी. शेवटी डबा, नाव आणि घोषवाक्य दाखवणारा जो शॉट असतो, त्याला आम्ही पॅक शॉट म्हणतो, त्याच्या ७५ चौकटींना हात लावायचा नसतो. उरल्या १७५. त्यांत गळती नाही हे अध्यक्षांचे वाक्य हवे आणि पडणारा थेंब हवा. कात्री कोणावर चालते हे सांगायला नको. या कामातल्या विनोदी नटाचा सगळ्यांत चांगला क्षण सगळ्यांत आधी जातो. तो वाईट असतो म्हणून नव्हे, त्याच्यावाचून वस्तू विकता येते म्हणून.

आजोबा_सहकारनगर

चर्चा वाचून मौज वाटली. १९७३ साली सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले, तेव्हा वाड्यातल्या एका घरी दूरदर्शन संच होता आणि आम्ही पंचवीस माणसे तो पाहायला जमत असू. त्या वेळी जाहिराती नव्हत्या. दूरदर्शनवर त्या १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या. खरे सांगायचे तर जाहिराती आल्यावर आम्हाला आनंदच झाला होता, कारण त्यांत माणसे हलत-बोलत होती आणि एरवी बराच वेळ शेतीविषयक चर्चा चालत असे.

नाव नसलेल्या विनोदी नटाचा विषय निघाला आहे, तर लिज्जत पापडाच्या सशाला विसरू नका. पापड खाऊन “कर्रम कुर्रम” करत हसणारा तो ससा माझ्या नातवंडांनाही ठाऊक आहे. तो ससा म्हणजे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला. पाध्ये यांना आणि त्यांच्या अर्धवटरावांना सगळा महाराष्ट्र ओळखतो, परंतु पापडाच्या जाहिरातीत हसतो आहे तो त्यांचाच ससा आहे, हे दहांतल्या आठ जणांना सांगावे लागते. ज्याचे नाव घरोघरी आहे अशा कलावंताची ही गत, मग शेवटच्या रांगेतल्या काकांचे काय!

आणि तो वर न पाहण्याचा प्रकार वाचताना मला जुन्या काळचे विनोदी नट दामुअण्णा मालवणकर आठवले. दामुअण्णांची नजर तिरळी होती आणि तिचे त्यांनी भांडवल केले. ते नेमके कोणाकडे पाहत आहेत हे समोरच्या पात्राला कळत नसे आणि प्रेक्षकाला कळे. ही नजरेची विद्या आपल्याकडे जुनी आहे.

काळा_कोट

व्यवसायाने वकील आहे, त्यामुळे नावाच्या प्रश्नावर थोडे.

प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ३८-ब आले आणि कला सादर करणाऱ्याला प्रथमच असा हक्क मिळाला, की हे सादरीकरण माझे आहे अशी ओळख त्याला मागता येते. मात्र सादरीकरणाचा वापर ज्या पद्धतीने होतो तिच्यामुळेच नाव गाळावे लागत असेल तर हा हक्क चालत नाही. दहा सेकंदांच्या जाहिरातीत श्रेयनामावली कोठे बसवणार, असा प्रश्न समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारील.

त्याहून मार्मिक तरतूद त्याच दुरुस्तीने ‘सादरकर्ता’ या शब्दाच्या व्याख्येत घातली. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कोठेही दिले जात नाही, तो कायद्याच्या दृष्टीने सादरकर्ताच नव्हे. त्याला अपवाद एकच: त्याच्या कामाची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाध आणला तर त्याला दाद मागता येते. जाहिरातही चित्रीकरणच असल्यामुळे ही व्याख्या तिला लावता येईल असे माझे मत आहे. दुसरे मत असू शकते. रिवाज नाव न देण्याचा आहे म्हणून तो नट नाही आणि तो नट नाही म्हणून नाव देण्याचे कारण नाही, असे हे वर्तुळ आहे. संकलनवाला यांची कात्री ‘मोडतोड’ या शब्दात बसते का, यावर मला कोणी युक्तिवाद करायला सांगितले तर मी फी घेऊन करीन, पण जिंकण्याची हमी देणार नाही.

मुक्काम_बाणेर

भाषांतराचा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही. या जाहिराती बहुधा हिंदीत चित्रित होतात आणि मग मराठीत आवाज चढवतात. गळतीच्या जाहिरातीतले अध्यक्ष हिंदीत “कोई शिकायत?” म्हणत असावेत, कारण मराठीत त्यांचे ओठ मिटल्यावरही “तक्रार” या शब्दाचा रकार लोंबकळत राहतो. आपले वाक्य लांब पडले की आवाज देणारा ते घाईने म्हणतो आणि विनोदाचा जीव जातो. अध्यक्षांचे काम करणारा नट वाईट नसेलही, मराठीत तो आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

काकांचे मात्र काही बिघडत नाही. माझे सहकारी तमिळ आणि बंगाली आहेत; त्यांनी आपापल्या भाषेत हीच जाहिरात पाहिली आहे आणि दोघांनाही अध्यक्ष आठवत नाहीत, बशी आठवते. २००९ च्या आयपीएलच्या वेळी व्होडाफोनचे झूझू आले, तेव्हाही हेच झाले होते. त्यांच्या तोंडी कोणतीच भाषा नव्हती, म्हणून ते सगळीकडे चालले. अनेकांना ते संगणकावर काढलेले वाटत; प्रत्यक्षात ती पांढऱ्या पोशाखात शिरलेली हाडामांसाची माणसे होती आणि चित्रीकरण केप टाउनला झाले होते. एरंडवणेकरांचा नियम त्यांना कसा लावायचा? त्यांना तर चेहऱ्यासाठीही निवडलेले नव्हते.

एरंडवणेकर

झूझूंचा मुद्दा मान्य. एकोणीस चौकटींचाही मान्य. काल रात्री मी स्वतः मोजल्या, मला वीस भरल्या. फेविकॉलविषयी माझ्याच विरोधात जाणारी एक माहिती देतो, ती लपवणे बरे नव्हे. दोरीने खेचाखेची करणारी माणसे आणि हत्ती असलेली, “जोर लगा के हैशा” वाली जी जाहिरात होती, तिच्यात काम करणाऱ्यांपैकी एक राजकुमार हिरानी होते. आपल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून संकलन शिकून बाहेर पडलेले, पुढे नामवंत दिग्दर्शक झालेले. ती जाहिरात शेकडो वेळा पाहूनही मी त्यांना ओळखले नव्हते. दुसऱ्याने सांगितल्यावर ओळखले. तेव्हा माझ्या नजरेवर फार विसंबू नये.

पर्वतीपायथा

सर्वांचे आभार. एकोणीस की वीस यावर आमच्याकडेही दोन तट पडले आहेत.

संकलनवाला यांनी लिहिलेले वाचल्यावर मी लक्ष ठेवले आणि ते तंतोतंत खरे निघाले. परवापासून आमच्या वाहिनीवर दहा सेकंदांची आवृत्ती लागते आहे. थेंब पडतो, अध्यक्ष वर पाहतात, डबा येतो. मुलीने विचारले, “काका गेले कुठे?” सभा संपायच्या आधीच घरी गेले असतील, असे मी सांगितले.

शनवारातली

हे लिहावे की नाही असा दोन दिवस विचार केला. काका पुण्यातच राहतात. माझ्या भावाच्या ओळखीचे निघाले. नाव, पत्ता, पेठ यांतले काहीही येथे लिहिणार नाही, कारण त्यांनी तसे सांगितले आहे आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर एका मित्राच्या मुलाने त्यांचा फोटो जाहिरातींना नट मिळवून देणाऱ्या मुंबईतल्या कोऑर्डिनेटरकडे पाठवला, तेव्हापासून वर्षातून चार-पाच कामे येतात. पहाटेची गाडी पकडायची, दिवसभर खुर्चीवर बसायचे, रात्री परत. एकरकमी मानधन मिळते आणि ठरावीक मुदतीत त्याच प्रकारच्या दुसऱ्या मालाच्या जाहिरातीत काम करायचे नाही असा करार असतो. चेहरा लोकांच्या फार ओळखीचा झाला की कामे कमी होतात, हे त्यांनी अगदी सहज सांगितले. नाव न लिहिण्याची विनंती त्यांनी का केली ते मला तेव्हा कळले.

मी धागा त्यांना वाचून दाखवला. दामुअण्णांच्या उल्लेखाला त्यांनी कानाला हात लावले. बशीची कल्पना कोणाची, हा एरंडवणेकरांचा प्रश्नही विचारला. कागदावर “काका वर पाहतात आणि कप बाजूला घेतात” असे होते. दुपारच्या सत्रात छतावरून सोडलेल्या थेंबाचा नेम सारखा चुकत होता, चौदा-पंधरा वेळा चहा बदलावा लागला, आणि शेवटी कंटाळून त्यांनी बशी झाकली. दिग्दर्शक हसला आणि म्हणाला, आता पुन्हा तसेच करा. पुन्हा तसे करायला अकरा टेक लागले. वर का पाहिले नाही, यावर म्हणाले, “अहो, आमच्याकडे स्वयंपाकघरात गळतं ना. रोज कोण वर बघतं?”

निघताना मी त्यांना सांगितले की आमच्या ओळखीतल्या किती घरांत ही जाहिरात आवडीने पाहिली जाते. ते खूश झाले, पण लगेच त्यांनी विचारले, “कोणती पाहतात? पस्तीसची की दहाची? दहाच्यात मी नाही.”